आता मान माजी

आमच्या वेल्ह्यात बाजारपेठेच्या टोकाला काचेच्या दाराचं नवं सलून झालं आहे. आत गार हवा, भिंतभर आरसे आणि गाणी इतकी मोठ्यानं की बोलायची सोय नाही. परवा तिथं दाढी केली. तिथल्या माणसानं माझं तोंड पुसलं, कापड झटकलं आणि तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मीही बसून राहिलो. "झालं काका," तो म्हणाला. झालं हे मलाही आरशात दिसत होतं, पण मला उठवेना. काहीतरी राहिलं होतं. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की मी महादूतात्यांच्या एका वाक्याची वाट बघत बसलो होतो. तात्या दुकान बंद करून भोरला लेकीकडं गेले आणि गेल्या थंडीत तिथंच झोपेत हृदय बंद पडून वारले. पण माझ्या मानेला अजून ती सवय आहे.

तात्यांचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्या मध्ये एक प्लायवूडची भिंत होती. त्यांच्याकडं कोण काय बोललं ते मला फुकट ऐकू यायचं, आणि माझ्याकडं दिवसभर कुणी फिरकलं नाही की ते त्यांना कळायचं. "फोटूवाले, आज लई शांत?" असं पलीकडून विचारायचे. त्यांची खुर्ची एकच, लाकडी, मागं मान टेकायला फळी. गिऱ्हाईक बसलं की तात्या गळ्याभोवती पांढरं कापड घ्यायचे, मागं गाठ मारायचे आणि म्हणायचे, "आता मान माजी." मग गिऱ्हाईकानं हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही आणि वस्तरा गळ्यावर असताना हसायचं नाही. तहसील कचेरीतल्या एका साहेबांनी एकदा अर्ध्या दाढीत फोन उचलला. तात्यांनी गाल सोडला. वस्तरा मिटून बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि तंबाखू मळायला लागले. साहेबांचा फेस वाळला, तेव्हा त्यांनी स्वतःच फोन खिशात टाकला.

काम संपलं की तात्या डोकं दोन्ही हातांत धरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मान मोडून द्यायचे. कडाक कडाक आवाज माझ्या दुकानात यायचा. मग कापड झटकायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुमची मान तुमाला." ते ऐकल्याशिवाय खुर्चीतून कुणी उठत नसे.

जावळाचा वस्तरा त्यांनी वेगळा ठेवला होता. मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, मोठ्या माणसाच्या गालाला कधी न लागलेला. ज्या दिवशी कुणाच्या लेकराचं जावळ असेल, त्या दिवशी बाळाच्या डोक्यावरून हळदीचा हात फिरेपर्यंत तात्या पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. माझ्या लेकीचं, वर्षाचं, जावळ त्यांनीच उतरवलं होतं. माझ्या मेव्हण्याच्या मांडीवर ती टुकुटुकु बघत बसली होती आणि घाम मात्र मेव्हण्याला फुटला होता.

सोनाकाकी, म्हणजे तात्यांची बायको, दुकानात कधी आल्या नाहीत. डबा घेऊन यायच्या, पायरीशी थांबायच्या, बांगड्या वाजवायच्या. तात्या बाहेर जाऊन डबा घ्यायचे. चार पुरुषांत त्या नवऱ्याशी अक्षर बोलत नसत. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "काकी, आत या की, आम्ही काय खातो का?" तर तात्याच म्हणाले, "तिला चिडवू नगा. ती घरी बोलती त्येवडं मला पुरतंय."

मानेचं पहिल्यांदा मला कळलं. तात्यांना एसटीच्या पासासाठी फोटो हवा होता. स्टुलावर बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तात्या, सरळ बघा."

"सरळच बगतोय की."

"मान डावीकडं गेलीय."

"कायतरी बोलू नगा. दुसऱ्याच्या माना सरळ करण्यात जलम गेला माजा."

मी पुढं जाऊन त्यांचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं. इतक्या वर्षांत तात्यांची मान माझ्या हातात पहिल्यांदाच आली होती, आणि ती माझ्या हातांशी जोर करत होती. हात काढले, तशी ती हळूहळू पुन्हा डावीकडं वळली आणि खांदा किंचित वर आला. तात्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी ते कॅमेऱ्याकडं बघत होते. दिवसभर आरशापुढं उभा राहणारा माणूस, पण आरशात ते बघायचे गिऱ्हाईकाचा चेहरा, स्वतःचा नव्हे. मी फोटो काढून कॉम्प्युटरवर दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ह्यो कोण म्हातारा बाजूला बगतोय?" मी हसलो, पण मला भीती वाटली होती.

पुढच्या काही महिन्यांत मान वळायची ती वळतच गेली. गळ्याची एक बाजू दोरीसारखी ताणलेली दिसायची आणि रात्रंदिवस ठणकायची. तेल झालं, शेक झाला, गळ्याला पट्टा झाला. एका हाड बसवणाऱ्यानं मान ओढून बघितली आणि दुखणं वाढवून दिलं. देवीला कौल लावला तर फूल नेमकं डावीकडून पडलं, मग काय, लोकांना विषयच मिळाला. पण तात्यांच्या मनानं घेतलं ते निराळंच. "लोकांच्या माना मोडल्या म्या, फोटूवाले. कडाकडा मोडल्या. त्ये समदं माज्यावर आलं." त्या दिवसापासून त्यांनी मान मोडून देणं बंद केलं, आणि भिंतीपलीकडचा तो आवाज गेला.

एक गोष्ट मात्र काकींमुळं कळली. जेवताना तात्यांच्या हनुवटीला भाताचं शीत लागलं होतं. काकींनी ते बोटानं काढायला हात लावला आणि मान चक्क सरळ झाली. बोट काढलं की परत डावीकडं. तात्यांनी स्वतःचं बोट लावून बघितलं, तरी तेच. तेव्हापासून ते डाव्या हाताचं बोट हनुवटीला लावून फिरू लागले. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा भलताच विचारी आहे. पण दाढीला दोन हात लागतात. एका हातानं गाल ताणायचा, दुसऱ्यानं वस्तरा फिरवायचा. तात्यांपुढं प्रश्न एवढाच होता, की डाव्या हातानं स्वतःची मान धरायची की गिऱ्हाईकाची.

आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर दाढीला बसले होते, त्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पलीकडं वस्तऱ्याची खरखर चालू होती ती एकदम थांबली. मग खुर्ची जोरात सरकली. मी धावत गेलो. गुरुजी उभे होते, अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात कापड. रक्त कुठंही नव्हतं. तात्यांचा वस्तरा हवेत आणि तोंड पार माझ्या भिंतीकडं वळलेलं.

"अहो तात्या, वस्तरा माझ्या गळ्यावर आणि तुमचं लक्ष कुठंय?"

"तुमच्यावरच हाय गुरुजी. देवाच्यान, तुमच्यावरच हाय."

गुरुजी वाईट माणूस नव्हे. पण घाबरले होते, आणि ते तसेच गळ्यातल्या कापडासकट निघून गेले. मान परत न घेता गेलेलं तात्यांचं ते पहिलं गिऱ्हाईक. त्यानंतर दाढीला कुणी आलं नाही. तात्यांनी वस्तरे पुसून धोकटीत ठेवले, आणि जावळाचा वस्तरा घरी काकींच्या पेटीत गेला. मला फार राग आला होता, गुरुजींचा, गावाचा, त्या मानेचा, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

मी मोबाईलवर तात्यांच्या मानेचा व्हिडिओ काढून वर्षाला पाठवला. ती पुण्यात नोकरीला असते. तिनं तो कुणाकुणाला दाखवून मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. मी, तात्या आणि काकी असे तिघं गेलो. बाईंनी तपासून सांगितलं, की हाडात काही बिघाड नाही. मेंदूकडून मानेच्या काही स्नायूंना सारखा चुकीचा हुकूम सुटतो, की आवळून धरा. ते स्नायू सुईनं सैल करता येतात.

"कसलं औषद असतंया त्यात?" काकींनी मलाच विचारलं, बाईंना नाही.

बाईंनीच सरळ सांगितलं, "एका जंतूच्या विषापासून करतात. पण अगदी कणभर असतं, आणि आम्ही ते मोजून मापून देतो."

"इख?" काकी उठूनच उभ्या राहिल्या. त्यांचा भाऊ पान लागून, म्हणजे साप चावून, गेलेला होता. "इख घालून माणूस बरा करत्यात व्हय?"

बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. हा आजार मुळापासून जाणार नाही, आठवडाभरात गुण दिसू लागेल, तीनएक महिने टिकेल, मग परत सुई, आणि तीन महिन्यांच्या आत परत देता येत नाही. कधी कधी गिळायला त्रास होतो, तसं झालं तर लगेच कळवा. तात्या बोट हनुवटीला लावून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "बाई, वस्तरा धरता यील का?"

"हात तर चांगलेच आहेत तुमचे. मान किती साथ देते ते बघू."

सुईच्या वेळी तात्यांनी डोळे मिटले. "आता मान तुमची, बाई," म्हणाले. बाईंना वाटलं, म्हातारा धीर एकवटतो आहे. सुईला जोडलेलं एक यंत्र, रेडिओ नीट लागला नाही म्हणजे खरखरतो तसं खरखरत होतं. नेमका आवळलेला स्नायू सापडला की खरखर वाढायची आणि बाई औषध सोडायच्या. काकींनी माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती, ते त्यांच्याही लक्षात नसावं. सगळं आटोपल्यावर बाई म्हणाल्या, "झालं, उठा." तात्या उठेनात. कारण मला कळत होतं, पण तिथं ते सांगायचं कसं?

निघताना बाईंनी बजावलं, "काही दिवस मानेला मालिश नको, चोळायचं नाही, दाबायचं नाही." आम्ही तिघांनी माना हलवल्या. तात्यांची त्यातल्या त्यात.

नसरापूर फाट्यावर वेल्ह्याच्या गाडीसाठी उतरलो. तिथं तात्यांचा चुलतभाऊ बबन याचं दुकान. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. पाहुणा म्हणून दुसरा कारागीर दुकानात आला की चहा नंतर, आधी त्याला खुर्चीत बसवून मान मोकळी करून द्यायची. नाही म्हणणं म्हणजे घरात येऊन पाणी नाकारण्यासारखं. मी गाडीची चौकशी करायला गेलो, काकी पिशव्या घेऊन झाडाखाली बसल्या. परत येऊन बघतो तर तात्या बबनच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत आडवे, आणि बबनचे दोन्ही अंगठे नेमके सुया टोचल्या होत्या तिथं रुतलेले.

"तात्या! मालिश नको सांगितलंय ना?"

"मालिश कुठंय? तेल तरी हाय का ह्येच्या हाताला?" तात्या डोळे मिटूनच बोलले. "नुसती मान मोकळी करतुया त्यो."

त्यांच्या भाषेत मालिश म्हणजे तेल लावून अंग रगडणं. हे त्यात बसतच नव्हतं. मी बबनचे हात ओढून काढले, तो बिचारा ओशाळला, आणि काकी गाडीत वेल्ह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

आठवड्यानं मान खरोखरच सैल पडली. तात्या सकाळी दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या तोरण्याकडं बघत होते, बोट न लावता. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला. पहिल्याच घोटाला त्यांना ठसका लागला. दुसऱ्या घोटालाही. चहा नाकातून आला. संध्याकाळपर्यंत पाणी उतरेना, भाकरीचा घास घशात अडकून बसायला लागला. मी बाईंना फोन लावला, त्यांनी सांगितलं. पातळ देऊ नका, घट्ट आणि मऊ द्या, बसवून भरवा, हनुवटी छातीकडं घेऊन गिळू द्या, आणि श्वासाला त्रास झाला तर एक क्षण थांबू नका. मी ते काकींना सांगितलं खरं, पण वेल्ह्याहून पुणं किती लांब आहे ते आम्हाला ठाऊक होतं. गाडीवाल्या शेजाऱ्याला मी गाव सोडू नको म्हणून सांगून ठेवलं.

ते दिवस फार वाईट गेले. काकी गुरगुट्या भात कालवून चमच्यानं भरवायच्या, आणि घास खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडं टक लावून बघत राहायच्या. तात्यांनी गिळलं की नकळत स्वतः गिळायच्या. मी दारात उभा असायचो. मानेपायी आपण या माणसाचा जीव घालवतोय की काय, असं मला वाटायचं, आणि वर्षाला व्हिडिओ पाठवल्याचा पश्चात्ताप व्हायचा.

दाखवायला नेलं तेव्हा बाईंनी विचारलं, "मालिश वगैरे केली होती का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "म्या न्हाई केली."

"त्येंनी न्हाई केली," काकी पहिल्यांदाच थेट बाईंशी बोलल्या, "त्येंच्या भावानं केली. मान मोकळी केली म्हनं. माजा माणूस मोकळा झाला असता."

बाई हसल्या नाहीत. दाबल्यामुळं झालं असेल किंवा एरवीही झालं असतं, नक्की सांगता येत नाही, पण पुढच्या खेपेला त्या बाजूला औषध कमी देऊ, म्हणाल्या. हळूहळू घसा सुधारला. तात्या पुन्हा चहा पिऊ लागले, आणि काकी त्यांच्यापुढं इख हा शब्द उच्चारेनाशा झाल्या. पुढची सुई निभावून गेली. मान थोडी कललेली राहायची, पण बोट लागायचं नाही. तात्यांनी दुकान झाडलं, वस्तरे लावले, आणि दारात बसून राहिले. केस कापायला दोनचार म्हातारे आले. दाढीला कुणीच नाही. मी बसलो, तर म्हणाले, "तुमी दया करून बसू नगा."

मग वर्षाच्या मुलाचं जावळ निघालं. सासर कामथडीचं, पण वर्षानं हट्ट धरला, की जावळ वेल्ह्यात आणि तात्यांच्याच हातनं. तात्यांना सांगितलं तर ते तडक घरी गेले आणि काकींच्या पेटीतून तो वस्तरा काढून आणला. दिवस ठरवताना आम्ही सुईचा हिशेब केला होता, मान सगळ्यात बरी असते ते दिवस धरले होते. पण कामथडीला वर्षाच्या चुलतसासऱ्यांचं निधन झालं आणि सुतक आलं. जावळ पुढं गेलं. बाळाला वर्ष पुरं व्हायच्या आत करायचं, म्हणून भटजींनी काढून दिलेला दिवस सुईच्या तारखेच्या थोडा आधी पडला. सुई आधी मिळणार नव्हती. सुतकाला सुई कळत नाही आणि सुईला सुतक.

शेवटच्या काही दिवसांत तात्यांचं बोट परत हनुवटीला गेलेलं मी बघितलं. "तात्या, जमेल ना?" मी विचारलं.

"बगू की," एवढंच म्हणाले.

त्या सकाळी आमच्या अंगणात चटई टाकली होती. माझा मुलगा नितीन मामा म्हणून भाच्याला मांडीवर घेऊन बसला. बाळाची आत्या केस झेलायला ताट घेऊन शेजारी. तात्या उपाशी आले होते, हनुवटीला बोट. वर्षाच्या सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि वर्षाला हळूच म्हणाल्या, "दुसरं कुनी न्हाई का गं?" अंगण केवढंसं, सगळ्यांनी ऐकलं.

"माझं यांनीच उतरवलंय," वर्षा म्हणाली.

"पोरी," तात्या म्हणाले, "मान धरंना झालीया, खोटं कशाला बोलू? हात हाय. तू सांगशील तसं."

"तुम्हीच करा, तात्या."

कात्री एका हातानं चालली. पहिल्या बटा ताटात पडल्या. मग तात्यांनी वस्तरा उघडला आणि बाळाचं डोकं धरायला हनुवटीवरचं बोट काढलं. मान वळली. त्यांनी झटकन वस्तरा लांब घेतला. थांबले, श्वास घेतला, परत टेकवायला गेले. परत तेच. बाळ चुळबुळ करू लागलं, नितीनच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मी कॅमेरा खाली ठेवला, मला ते काढवेना. सासूबाई बाळाला उचलायला पुढं झाल्या. तात्या वस्तरा मिटायला लागले.

काकी अंगणाच्या फाटकाशी उभ्या होत्या, दुकानाच्या पायरीशी थांबायच्या तशाच. त्या आत आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, सासूबाईंच्या आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत तात्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या हनुवटीला बोट लावलं. मान सरळ झाली.

"चालू द्या," त्या म्हणाल्या.

चार पुरुषांत नवऱ्याशी न बोलणारी ती बाई सगळ्यांदेखत त्याचा चेहरा धरून उभी होती. तिचं लक्ष फक्त वस्तऱ्याच्या पात्याकडं. तात्यांनी डाव्या हातात बाळाचं डोकं घेतलं. वस्तरा कपाळावरून मागं सरकला, कानाजवळ वळला, मानेच्या खळगीत अगदी हलका झाला. तात्या वाकले की काकी वाकत होत्या, बोट जागचं हललं नाही. बाळ टुकुटुकु बघत राहिलं, त्याच्या आईसारखंच.

आत्यानं ताट उचललं. वर्षानं बाळाच्या डोक्यावरून हळदीचा हात फिरवला. कुठं ओरखडाही नव्हता. तात्यांनी वस्तरा धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, बाळाच्या गळ्यातलं कापड सोडून झटकलं आणि आता ते वाक्य येणार म्हणून आम्ही सगळे थांबलो. तात्यांना बोलवेना.

काकींनी हनुवटीवरचं बोट काढलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमची मान तुमाला."

तात्यांची मान हळूहळू डावीकडं वळली. त्यांनी बोट वर नेलं नाही, मानेला जायचं तिथं जाऊ दिलं. काकी त्याच बाजूला उभ्या होत्या.